गच्चीवरून न दिसलेली खिडकी

आमचं घर नाशिकच्या इंदिरानगरात, तळमजल्यावर, आणि स्वयंपाकघराची खिडकी इमारतीच्या मागच्या बाजूला उघडणारी. त्या खिडकीच्या लोखंडी जाळीत एक वीतभर झडप होती, कधीकाळी दुधाच्या पिशव्या आत घेण्यासाठी केलेली. ती उघडली की कर्र असा आवाज व्हायचा, मिटली की ठक्. त्या दिवसांतल्या सकाळी आठवू लागले की आधी तो आवाज ऐकू येतो, मग मिक्सर, मग बाबांचं घसा खाकरणं आणि त्यांच्या रेडिओवरच्या बातम्या. आई ओट्यापाशी उभी असायची. शनिवारी साबुदाण्याची खिचडी, रविवारी मटकीची उसळ आणि तिच्यावर घालायला पातळ, झणझणीत रस्सा. मिसळ खायला बाहेर कशाला जायचं, असं तिचं म्हणणं. मेथी, शेपू, कोथिंबीर नेहमी ताजी असायची, मुळांना माती लागलेली, आणि द्राक्षांच्या दिवसांत पाटीच्या तळाशी राहिलेले सुटे मणी कागदाच्या पुडीत फुकट यायचे. हे सगळं कुठून येतं ते मला माहीत होतं. कसं येतं, हे बघायची गरज मला कधी वाटली नव्हती.

मी बोलायची कमी. शाळा इंग्रजी माध्यमाची, आणि मधल्या सुट्टीतसुद्धा मराठीत बोललं तर डायरीत शेरा मिळायचा. त्यामुळे मराठी ही माझ्यासाठी घरातली, हळू आवाजात बोलायची भाषा झाली आणि इंग्रजी ही बाहेरची, चुकलं तर हसतील अशी. दोन्हीकडे गप्प राहणं सोयीचं होतं. पाहुणे आले की मी पाण्याचा ट्रे ठेवून आत जायचे आणि दाराच्या फटीतून त्यांच्या चपलांकडे बघत बसायचे. कोणी कोपऱ्यात नीट लावून ठेवल्यात, कोणी उंबऱ्याच्या तोंडाशीच काढल्यात, म्हणजे कोणाला लवकर निघायचंय. या अंदाजांपैकी निम्मे तरी खरे ठरायचे. आर्किटेक्चरला गेले ती एवढीच शिदोरी घेऊन.

चौथ्या वर्षी अर्बन डिझाइन हा विषय आला आणि तो शिकवायला पाटणकर मॅडम आल्या. पन्नाशीच्या, सुती साडी, पायात मात्र धावायचे बूट. पहिल्याच तासाला त्यांनी सांगितलं की या विषयाला फाइल नाही आणि शीटही नाहीत. प्रत्येकाने एक ब्लॉग उघडायचा. शहरातली एकच जागा निवडायची, अंगणाएवढी लहान, आणि बारा आठवडे दर आठवड्याला तिच्याबद्दल एक पोस्ट लिहायची.

"मॅडम, एकाच जागेबद्दल बारा वेळा काय लिहिणार?" मागून कोणीतरी विचारलं.

"पहिल्या तीन वेळा तुला माहीत असलेलं लिहिशील," मॅडम म्हणाल्या. "ते संपलं की मग बघायला लागशील."

"आणि भाषा?"

"कुठलीही. फक्त 'सुंदर' आणि 'बकाल' हे दोन शब्द वापरायचे नाहीत."

वर्गातल्या बहुतेकांनी गोदाकाठ धरला, काहींनी भद्रकालीतला बाजार. तिथे जाऊन अनोळखी लोकांमध्ये वही उघडून बसणं मला जमणार नव्हतं. मी घराजवळची जागा निवडली. आमच्या सोसायटीच्या मागच्या कंपाउंडला एक खिंडार होतं. कधीतरी वादळात कडुनिंब कोसळला आणि त्याच्याबरोबर सात-आठ फूट भिंत गेली. झाड उचललं, भिंत बांधायची राहिली. समोरच्या गल्लीतले लोक आमच्या पार्किंगमधून येऊन या खिंडारातून मागच्या मोठ्या रस्त्यावर निघायचे, हायवेखालच्या बोगद्याकडे जायला ती जवळची वाट होती. खिंडाराच्या बाहेरच्या अंगाला निफाडकडच्या दोन-तीन बायका रोज सकाळी भाजी घेऊन बसायच्या. बाबा सोसायटीचे सेक्रेटरी होते आणि ही भिंत त्यांच्या डोक्याला कायमचा ताप होती. मी गच्चीत बसून खिंडाराचा अभ्यास करणार हे ऐकल्यावर ते म्हणाले, "कर. मी इतकी वर्षं खिंड लढवतोय, आता तू लढव."

शनिवार-रविवारी सकाळी मी पाण्याची बाटली आणि वही घेऊन गच्चीत जायचे, कठड्याला टेकून खाली बघायचे. मॅडम म्हणाल्या होत्या तसंच झालं. तीन पोस्टमध्ये माझी सगळी माहिती संपली, आणि चौथ्या आठवड्यात मला दिसायला लागलं. माणसं फरशीच्या वाटेने चालत नाहीत, ती कोपरा कापतात. आमच्या पार्किंगच्या मातीत त्यांच्या पावलांनी एक तिरकी रेघ ओढली होती आणि ती रेघ मी जन्मभर ओलांडत आले होते. पडक्या भिंतीचा जो तुकडा गुडघ्याएवढा उरला होता त्यावर लोक बसायचे, जो कमरेएवढा होता त्याला नुसते टेकायचे, आणि त्याहून उंच तुकड्याकडे कोणी ढुंकून बघायचं नाही. ओळखीचे दोघे भेटले की बोलायला बरोबर खिंडाराच्या तोंडाशीच थांबायचे, सगळ्यांच्या वाटेत. दोन पावलं पुढे गेले असते तर ऐसपैस जागा होती. गप्पा अडचणीच्या जागीच का सुरू होतात? या एका प्रश्नावर मी पूर्ण पोस्ट लिहिली. ती लिहिताना मला भूक लागली नाही, तहान लागली नाही, आणि कोणाशी एक शब्द बोलावा लागला नाही. मला वाटलं, माझ्यासाठीच हा विषय तयार झालाय.

ब्लॉग मी इंग्रजीत लिहायचे आणि त्यावर माझं नाव नव्हतं, फक्त आद्याक्षर. वर्गातले सगळे एकमेकांचे ब्लॉग वाचायचे कारण त्याला गुण होते. पण माझ्या वाचकांच्या आकड्यात दर बुधवारी एक जण जास्त दिसायचा. दुपारी एक ते दीडच्या मध्ये यायचा, बराच वेळ थांबायचा, काही न लिहिता जायचा. वर्गातलं कोणी त्या वेळी मोकळं नसायचं. मी त्या अनोळखी माणसाबद्दल खूप तर्क केले. तो परदेशात असेल, एखादा नाशिककर, गावाची आठवण येत असलेला. त्याच्यासाठी म्हणून मी वाक्यं थोडी घासून पुसून लिहायला लागले.

सहाव्या पोस्टला मी नकाशा केला. चालणाऱ्यांच्या वाटा निळ्या रेघांनी, दुचाक्या काळ्या, आणि बसलेल्या बायकांचे लाल ठिपके. प्रत्येक ठिपक्याशेजारी वेळा. आठ दहाला आगमन, दहाला सावली सरकते, दहा पंचवीस ते दहा पस्तीस ठिपका क्रमांक एक जागेवर नाही, एक वाजता सगळे ठिपके नाहीसे. ग्रंथालयातल्या पुस्तकात अशा जागांना जो इंग्रजी शब्द होता तोच मी शीर्षकात वापरला. मराठीत त्याला अतिक्रमण म्हणतात. दोन दिवसांनी मॅडमची एका ओळीची टिप्पणी आली: 'नकाशा उत्तम. लाल ठिपक्यांना विचारलंस का?'

विचारलं नव्हतं. विचारलं तर त्या जाणीवपूर्वक वागायला लागतील आणि निरीक्षण बिघडेल, असं उत्तर मी मनात तयार ठेवलं होतं. खरं कारण एवढंच की मला भीती वाटत होती. आज माझ्या हाताखाली मुलं काम करतात, आणि त्यांच्यातल्या एखाद्याने मला हे निरीक्षणाचं कारण दिलं की मी त्याच्या वहीकडे बघायच्या ऐवजी त्याच्या चेहऱ्याकडे बघते.

त्याच आठवड्यात, गुरुवारी, जेवताना बाबा म्हणाले, "तुझा नकाशा कमिटीला फार आवडला."

मला कळेना. "कुठला नकाशा?"

"तुझ्या ब्लॉगवरचा, लाल-निळा. ऑफिसात रंगीत प्रिंट काढली मी." ते माझ्याकडे न बघता आमटी-भात कालवत होते. बाबा विमा कंपनीच्या ऑफिसात होते. त्यांची जेवणाची सुट्टी एक ते दीड. "मुळे काका म्हणाले, मी तीस वर्षं इंजिनिअर म्हणून काढली, पण असा सर्व्हे आमच्या खात्यात कोणी केला नाही. शास्त्रशुद्ध म्हणाले."

मुळे काका सोसायटीचे चेअरमन. महिन्याभरापूर्वी त्यांच्या पत्नीला, मुळे काकूंना, खिंडारातून सुसाट आलेल्या मोटारसायकलचा धक्का लागून मनगट मोडलं होतं. तेव्हापासून काकांनी भिंतीचं मनावर घेतलं होतं.

"रविवारी मीटिंग आहे," बाबा म्हणाले. "भिंत पूर्ण बांधून टाकायची. आणि बाहेर बसणाऱ्यांसाठी महापालिकेला अर्ज द्यायचा, त्याला तुझा नकाशा जोडतोय. वेळांसकट पुरावाच आहे तो. सहीच करून टाक खाली, नाव येऊ दे की तुझं."

"मग त्या बायका कुठे जातील?"

"मैदानामागे ओटे बांधलेत ना त्यांच्यासाठी. छप्पर आहे, पाणी आहे. हाल कशाला करायचे त्यांचे?" मग थोडं थांबून, अगदी हळू, "चांगलं लिहितेस हं तू."

माझ्या आयुष्यात बाबांनी मला असं म्हटल्याचं मला आठवत नाही. बुधवारचा वाचक परदेशात नव्हता, द्वारका चौकाजवळच्या एका ऑफिसात डबा खात होता. मला इतका आनंद झाला आणि त्याच क्षणी इतकी लाज वाटली की दोन्ही एकमेकांपासून सोडवता येईनात. आई भात वाढत होती. तिचा हात भांड्यावर थांबला होता, हे मला नंतर आठवलं. तेव्हा मी ते पाहिलं, पण त्याला वेळ लावून वहीत टिपलं नाही.

शुक्रवारी आईने नंदूमामासाठी डबा दिला. मामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ, पंचवटीत राहायचा. आजोबांच्या मागे घराण्याचं तीर्थोपाध्यायाचं काम तोच बघत होता. मामी लेकीच्या बाळंतपणाला पुण्याला गेली होती, त्यामुळे आठवड्यातून दोनदा मी स्कूटीवरून भरली वांगी नाहीतर पिठलं-भाकरी पोचवायचे. मामाचा फ्लॅट दुसऱ्या मजल्यावर होता आणि बाहेरच्या खोलीत तीन स्टीलची कपाटं. त्यात लाल कापडात गुंडाळलेल्या लांबोड्या वह्या आणि डांबराच्या गोळ्या. गावोगावचे लोक गोदावरीवर विधीसाठी येतात, त्यांच्या घराण्याची नावं पिढ्यान्‌पिढ्या या वह्यांत आहेत. मी लहानपणापासून त्या वह्या बघत आले होते, पण त्यात लिहिताना नीट बघितलं ते त्या दिवशी.

नामपूरकडचं एक कुटुंब आलं होतं, म्हातारे आजोबा आणि त्यांचे दोन मुलगे. मामाने नावं विचारून लिहून घेतली आणि मग मोठ्याने वाचायला लागला. आजोबांनी हात वर केला. "नही महाराज. नामदेव धाकला शे. मोठा पुंडलिक."

मामाने ओळ खोडली, पुन्हा लिहिली, पुन्हा पहिल्यापासून वाचली. आजोबांनी मान हलवली, तेव्हा वही त्यांच्यापुढे सरकवली. त्यांनी जोर लावून सही केली. मंडळी गेल्यावर मी मामाला विचारलं, "एवढं वाचून का दाखवायचं? लिहिलंस ना नीट."

"माझ्या मते नीट," मामा डबा उघडत म्हणाला. "घराणं त्यांचं, अगं. माझ्या मनाचं एक अक्षर इथे चालत नाही. यजमान सांगतो, आपण लिहायचं, वाचून दाखवायचं. तो बरोबर म्हणाला की सही. सही येत नसेल तर अंगठा."

"आणि एखादी गोष्ट लिहू नका म्हणाला तर?"

"मग तेवढी जागा कोरी." त्याने वांग्याचा रस्सा बोटावर घेऊन चाखला. "ताईने आज तिखटाचा हात मोकळा सोडलाय. चिडलीय का कोणावर?"

त्या संध्याकाळी मी माझी सहावी पोस्ट मराठीत लिहायला बसले. दहावीनंतर मराठीत मी सलग पानभर लिहिलं नव्हतं. पण अडले ते शब्दांपाशी नाही. इंग्रजीत जे वाक्य मी सहज लिहून गेले होते ते मराठीत कागदावर आलं आणि मला ते लंकाबाईंच्या तोंडावर म्हणता येईना. लंकाबाई म्हणजे ठिपका क्रमांक एक. तुम्ही अतिक्रमण आहात, असं कसं म्हणायचं, ज्यांनी मला फ्रॉकात असताना द्राक्षांचे मणी दिले त्यांना? शीर्षक खोडलं. बाकीचं ठेवलं.

शनिवारी सकाळी मी गच्चीत गेले नाही. खिंडारापाशी गेले आणि गुडघ्याएवढ्या भिंतीच्या तुकड्यावर बसले. लंकाबाई मेथीवर पाणी शिंपडत होत्या, शेजारी त्यांची जोडीदारीण छबूबाई वाटाणे मांडत होती.

"मी तुमच्याबद्दल लिहिलंय," मी म्हटलं. "वाचून दाखवू का?"

"माझ्याबद्दल?" लंकाबाईंनी हात थांबवला. "का गं, चोरी केली का मी?"

"वाच, वाच," छबूबाई म्हणाली. "गिऱ्हाईक नाय तवर वाच."

मी वाचायला लागले. "लंकाबाई, वय अंदाजे साठ..."

"साठ? छबे, ऐकलं का? थोरली नात दहावीला हाय नुसती. पन्नास लिही."

मी साठ खोडून पन्नास केलं. पुढे वाचलं, मध्ये दोनदा अडखळले, तेव्हा छबूबाई म्हणाली, "इंग्रजी शाळेतली हाय ती, हळूहळू येईल." मग ते वाक्य आलं, जे मला माझ्या सगळ्या निरीक्षणातलं सगळ्यात हुशार वाटत होतं. इमारतीची सावली पडते म्हणून या बायका नेमक्या या जागी बसतात.

लंकाबाई हसल्या. "सावली दहाला जाती. आम्ही एकपर्यंत बसतो. सावलीवर भाजी इकती व्हय?"

"मग इथेच का बसता? तिकडे ओटे आहेत, छप्पर आहे."

त्यांनी माझ्याकडे, मी थट्टा करतेय का, अशा नजरेने पाहिलं. "तू त्या खालच्याच घरातली ना?"

"हो."

"मग मला काय इचारती? तुझी आईच देती ना किल्ली."

"कसली किल्ली?"

"संडासची," छबूबाईने वाटाण्यांवरून नजर न उचलता सांगितलं. "तुमच्या पार्किंगमधल्या. ओट्याला छप्पर हाय, पाणी हाय, समदं हाय. संडास नाय. पहाटं चारला घर सोडतो आम्ही, परत जायला तीन वाजत्यात. आता सांग."

"पहिल्या साली मी पाणीच पीत नव्हते," लंकाबाई म्हणाल्या. "मूतखडा झाला. लय हाल. तुझ्या आईला कळलं, तवापासून किल्ली."

मी वहीकडे बघत होते. दहा पंचवीस ते दहा पस्तीस, ठिपका क्रमांक एक जागेवर नाही. चहाला जात असतील, असं मी कंसात लिहिलं होतं. गच्चीवरून मला खिंडार दिसत होतं, रस्ता दिसत होता, अर्धं इंदिरानगर दिसत होतं. माझ्या पायाखालची, माझ्याच स्वयंपाकघराची खिडकी तेवढी दिसत नव्हती. मी ती ओळ वाचून दाखवली. न दाखवणं सोपं होतं, पण मामाची वही डोळ्यांपुढे होती.

"ते बी लिहिलं व्हय?" लंकाबाई तोंडाला पदर लावून इतक्या हसल्या की एक गिऱ्हाईक थांबून बघायला लागलं. मग पदर सावरून म्हणाल्या, "पण किल्लीचं लिहू नको. तुझ्या आईला तरास होईल."

आई मेथी निवडत होती. खिडकीशेजारी, कॅलेंडरच्या खाली, एक खिळा होता आणि त्यावर सुतळीत बांधलेली किल्ली. ती तिथे नेहमीच होती. मी तिच्याकडे बोट दाखवून विचारलं, ही कुठली. आईने काही लपवलं नाही. तो संडास रखवालदारासाठी होता. रखवालदार ठेवणं बंद झालं तेव्हा बाहेरचे लोक वापरतात म्हणून सोसायटीने कुलूप लावायचं ठरवलं. कुलूप बाबांनीच लावलं आणि किल्ली खिळ्याला अडकवून विसरून गेले.

"नऊ वर्षं झाली," आई म्हणाली.

"आणि बाबांना माहीत नाही?"

"त्यांनी कधी विचारलं नाही."

"तू पण सांगितलं नाहीस."

"तू तरी कुठे विचारलंस?" तिने काड्या बाजूला सारल्या. "सकाळी झडप वाजते ती काय वाऱ्याने वाजते?"

मी तिला सगळं वाचून दाखवलं, खाडाखोडीसकट. किल्लीचं लिहू नको असं लंकाबाईंनी सांगितलंय, हेही सांगितलं. तिने बराच वेळ पानं खुडली. मेथीच्या वासाने ओटा भरला होता. मग म्हणाली, "नंदू काय करतो अशा वेळी?"

"जागा कोरी ठेवतो."

"मग ठेव."

मीटिंग रविवारी सकाळी पार्किंगमध्ये भरली. प्लॅस्टिकच्या खुर्च्या, बिस्किटांचे पुडे, मुळे काकांच्या खुर्चीच्या बरोबर मागे तो हिरवा दरवाजा आणि त्याला कुलूप. मुळे काकू गळ्यात झोळी बांधून, प्लॅस्टरमधला हात सांभाळत पहिल्या रांगेत. खिंडारापलीकडे लंकाबाईंचा आवाज येत होता, त्या कोणालातरी जुडी घाऊक बाजारापेक्षा ताजी असल्याचं पटवत होत्या. बाबा मिनिट्सचं रजिस्टर मांडीवर घेऊन बसले होते आणि त्यातून माझ्या नकाशाची रंगीत प्रिंट डोकावत होती. मी हात वर केला. मुळे काका मनापासून म्हणाले, "बोल, बोल. तू तर आमची कन्सल्टंट."

मी कागद उघडला. नकाशा माझा आहे, पण त्याचं शीर्षक चुकलंय, असं मी सांगितलं. तो शब्द मी पुस्तकातून उचलला होता, आणि ज्यांच्यावर टाकला त्यांना काही विचारलं नव्हतं. बाबांनी पेनचं टोपण काढलं, परत लावलं. मी वाचत गेले. काकूंना ज्यांच्यामुळे लागलं त्या दुचाक्या, त्यांच्या वेळा, आणि भाजीवाल्या बसतात त्या बाजूने दुचाक्या जरा जपून, हळू जातात हेही. मग ते वाक्य आलं. "तिकडे ओटे असूनही या बायका इथेच बसतात, कारण..."

पुढे कागद कोरा होता. मी थांबले.

"कारण?" मुळे काका म्हणाले.

 मागच्या रांगेतून खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"कारण ह्या दाराची किल्ली आमच्याकडे असते," आई म्हणाली. ती उभी होती, हातात चहाचा रिकामा ट्रे. "रोज सकाळी मी ती त्यांना देते. नऊ वर्षं देतेय."

सगळ्यांनी वळून हिरव्या दाराकडे पाहिलं, जणू ते आत्ताच कोणी आणून बसवलं होतं. तिसऱ्या मजल्यावरचे गृहस्थ म्हणाले की हा सोसायटीच्या ठरावाचा सरळसरळ भंग आहे. आई म्हणाली, हो, आहे. मग मुळे काकूंनी विचारलं, "म्हणजे ह्या दारापुढची फरशी धुतलेली असते रोज, ती..."

"त्याच धुतात."

"अगं बाई. मला वाटायचं सोसायटीने माणूस लावलाय." काकूंनी नवऱ्याकडे बघितलं. "आणि तुम्ही मला सांगत होतात, बघ कसं लक्ष असतं माझं."

हसू पसरलं. बाबा हसले नाहीत. ते रजिस्टरवर वाकले होते, पेन कागदाला टेकवलेलं, पण हलत नव्हतं. कमिटीचा सेक्रेटरी म्हणून त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिलेला ठराव त्यांच्याच घरातून नऊ वर्षं मोडला जात होता. शेवटी त्यांनी मान वर न करता विचारलं, "मिनिट्समध्ये काय लिहू?"

"मी सांगते तसं लिहा," आई म्हणाली. "आणि मग वाचून दाखवा."

तिने सांगितलं, त्यांनी लिहिलं. 'सेक्रेटरींच्या पत्नीने' असं ते लिहायला लागले तेव्हा तिने स्वतःचं नाव सांगितलं, पूर्ण. त्यांनी खोडून नाव घातलं. मग उभे राहून, मीटिंगमध्ये वाचतात तशा कोरड्या आवाजात त्यांनी ते वाचलं. ती म्हणाली, "बरोबर," आणि खाली बसली.

त्यानंतर तासभर वाद झाला. तिसऱ्या मजल्यावरचे गृहस्थ उठून गेले. भिंत नकोच, असं म्हणायची माझी हिंमत नव्हती, आणि काकूंचं मनगट खोटं नव्हतं. मी म्हटलं, भिंत बांधू, पण माणसाएवढी फट ठेवू, आणि तिच्यात छातीएवढ्या उंचीचे दोन लोखंडी खांब, मोटारसायकलचं हँडल जाणार नाही इतके जवळ. मुळे काकांमधला इंजिनिअर जागा झाला. टेप आली. लंकाबाईंना आत बोलावलं आणि डोक्यावर पाटी घेऊन दोन खुर्च्यांमधून चालायला लावलं. त्या गेल्या, वळल्या, परत आल्या. "अजून चार बोटं," त्या म्हणाल्या. काकांनी चार बोटं वाढवली. अर्ज गेला नाही. त्या फटीतून चाकाची खुर्ची जात नाही, हे आमच्यापैकी कोणाच्याही लक्षात आलं नाही. काही वर्षांनी मुळे काका स्वतः खुर्चीत आले तेव्हा एक खांब काढावा लागला. पहिल्या कामातली ती चूक मी अजून मुलांना सांगते.

उरलेल्या सहा पोस्ट मी मराठीत लिहिल्या आणि प्रत्येक आधी खिंडारापाशी वाचून दाखवली. वाचक कमी झाले. बुधवारचा वाचक आला की नाही हे मी बरेच दिवस बघितलंच नाही. मॅडमनी शेवटी एकच शंका काढली, लंकाबाईंचं वय खरंच पन्नास आहे का. मी म्हटलं, त्यांनी सांगितलं तेवढंच आहे.

मीटिंगनंतर दोन दिवस घरात बोलणं बेताचंच झालं. तिसऱ्या दिवशी कसलीशी सुट्टी होती, आम्ही तिघंही घरी. आई अंघोळीला गेली होती. साडेदहाच्या सुमारास खिडकीवर दोनदा टकटक झाली. मी बाहेरच्या खोलीत होते, उठणार तोच बाबा उठले. टेबलावरून शब्दकोडं बाजूला ठेवून ते स्वयंपाकघरात गेले. खिळ्यावरची किल्ली काढली, झडप उघडली, कर्र, हात बाहेर काढला, ठक्. परत येऊन बसले आणि पेन्सिल घेऊन पुन्हा कोड्याला लागले. दहा मिनिटांनी पुन्हा उठले.

हे मी ब्लॉगवर लिहिलं नाही, त्यांना विचारलं नव्हतं. परवा फोनवर त्यांना हा परिच्छेद वाचून दाखवला. मी आधी 'पेपर वाचत होते' असं लिहिलं होतं. ते म्हणाले, "पेपर नव्हे, शब्दकोडं सोडवत होतो. तेवढं नीट कर." केलं.